नाईल अडवता आली नाही, मग डोळ्याचा शोध घेतला : इब्न अल-हैसम यांची जीवनकथा

पवनी तालुक्यात गोसेखुर्दला जाऊन वैनगंगेकडे पाहिलं की नदी अडवणं म्हणजे काय काम असतं ते कळतं. २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिथे पायाभरणी झाली. ३३ दरवाजांचं धरण उभं राहिलं, गावं उठली, पाणी साठलं. पण कालव्यांची कामं किती वर्षं रेंगाळली हे भंडारा जिल्ह्यातल्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि हे सगळं सिमेंट, लोखंड, मशिनी आणि सरकारी तिजोरी हाताशी असताना.

आता विचार करा, हजार वर्षांपूर्वी इराकमधल्या बसरा शहरात बसून एका माणसानं सांगितलं की मला मिसरला, म्हणजे इजिप्तला, नेलं तर नाईल नदीचं पाणी मी असं बांधून देईन की पूर आला काय आणि दुष्काळ पडला काय, शेतीला पाणी मिळत राहील. हा माणूस नाईलपाशी गेला, नदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि आपलं चुकलं हे त्यानं मान्य केलं. त्यानंतर ज्या कामाला तो लागला त्या कामामुळे जग आज त्याला ओळखतं. माणसाला दिसतं कसं, हे ते काम.

त्यांचं पूर्ण नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम. उर्दू जाणणाऱ्या आपल्या घरांत इब्ने हैसम म्हणतात. युरोपातल्या जुन्या पुस्तकांत हेच नाव अल्हाझेन असं झालं आहे, म्हणून शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अल्हाझेन वाचणाऱ्या पोराला हा आपल्याच इतिहासातला माणूस आहे याचा पत्ताही लागत नाही.

जन्म बसऱ्याचा, साधारण ३५४ हिजरी, म्हणजे इसवी सन ९६५. बसरा हे दोन मोठ्या नद्यांच्या पाण्यावर वसलेलं शहर. कालवे, दलदल, खजुराच्या बागा आणि बंदर. तिथल्या माणसाला पाण्याचा हिशेब लहानपणापासून येतो, जसा आपल्याकडे तलाव आणि बोड्यांच्या गावात येतो. भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांची पाळ कुठे घालायची आणि सांडवा कुठून काढायचा हे कोहळी समाजातल्या जाणत्यांना कागदाशिवाय कळत होतं. बसऱ्यात मात्र हे ज्ञान कागदावरही आलं होतं. तिथे युक्लिडची भूमिती अरबीत वाचली जात होती. अरबीत इंजिनियरला आजही मुहंदिस म्हणतात, आणि मुहंदिस शब्दाचा मूळ अर्थ भूमिती जाणणारा. इब्न अल-हैसम या अर्थानं पक्के मुहंदिस. त्यांच्या नावावर असलेल्या ग्रंथांच्या जुन्या याद्यांत खोदकाम आणि बांधकाम यांचं माप भूमितीनं कसं काढायचं यावरचं लिखाण आहे. कुठल्याही गावातून किब्ल्याची दिशा गणितानं कशी काढायची यावरचा त्यांचा छोटा ग्रंथ तर आजही उपलब्ध आहे.

बसऱ्यात त्यांना सरकारी हुद्दा होता असंही जुने चरित्रकार सांगतात. पण त्यात मन लागत नव्हतं. दरबारी काम की इल्म, या ओढाताणीत ते होते, आणि तेवढ्यात मिसरचं बोलावणं आलं.

बोलावणं पाठवणारा होता फातिमी खलिफा अल-हाकिम. ९९६ साली अवघ्या अकराव्या वर्षी तो गादीवर बसला. या माणसाची गोष्ट विचित्र आहे. एका बाजूला त्यानं १००५ मध्ये कैरोत दारुल इल्म उघडलं, म्हणजे पुस्तकांचं मोठं घर, जिथे वाचायला आणि नक्कल करायला लोक येऊ शकत होते. दुसऱ्या बाजूला कधी विशिष्ट भाजी खाण्यावर बंदी, कधी शहरातली कुत्री मारायचा हुकूम, कधी बायकांच्या पायताणावर बंदी, जेणेकरून त्या घराबाहेर पडूच नयेत. वजीर आणि अंमलदार तर त्यानं एकामागून एक मारवले. असा मालक खूश असला तरी भीतीच वाटणार.

नाईलबद्दलचं बोलणं त्याच्या कानावर गेलं. त्यानं पैसे पाठवून इब्न अल-हैसम यांना बोलावून घेतलं आणि त्यांना भेटायला स्वतः कैरोच्या वेशीबाहेर आला, असं तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अल-किफ्ती लिहितात. मग कारागिरांचा ताफा देऊन त्यांना दक्षिणेकडे रवाना केलं.

नाईलच्या काठाकाठानं हा ताफा वर निघाला. वाटेत फिरऔनच्या काळातली बांधकामं लागत गेली. देवळं, दगडी खांब, मोजून मापून केलेली कामं. मुहंदिसाची नजर ती. या लोकांना भूमिती किती अचूक येत होती हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथेच मनात पाल चुकचुकली असणार. ज्यांना एवढं जमलं त्यांनी नदी का बांधली नसेल? जमण्यासारखं असतं तर त्यांनी केलं असतं. शेवटी अस्वानजवळ अल-जनादिल नावाच्या जागी ते पोचले, जिथे नदी खडकांमधून उतरते. बसऱ्यात ऐकलं होतं की नाईल तिथे उंचावरून खाली येते. प्रत्यक्षात त्यांनी जागा या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली, पाणी तपासलं. जे मनात आखलं होतं ते तिथे होणार नव्हतं.

इथे माणसाकडे दोन वाटा असतात. काम सुरू करायचं, वर्षानुवर्षं ओढायचं, पैसे खर्च करत राहायचं आणि दोष दुसऱ्यावर टाकायचा. ही वाट आपल्या ओळखीची आहे. इब्न अल-हैसम परत कैरोला आले आणि माझा अंदाज चुकला, असं ज्या खलिफाचा राग जीव घेत होता त्याच्यासमोर जाऊन सांगितलं. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो, पुढच्या ग्रंथापेक्षाही. पुढे ग्रंथात त्यांनी जे केलं त्याची पहिली परीक्षा इथे झाली होती. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फरक पडला तर पाहिलेलं खरं धरायचं, मग ऐकलेलं आपल्याच तोंडचं का असेना.

अल-हाकिमनं वरवर माफ केलं आणि एका सरकारी दिवाणात नोकरी दिली. नको म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ती धरली, पण या मालकाचा भरवसा नाही हे ओळखून होते. सुटका कशी करून घ्यायची? त्या काळच्या कायद्यात वेड्या माणसावर जबाबदारी नसे आणि त्याला शिक्षाही होत नसे. चरित्रकार सांगतात की त्यांनी वेड लागल्याचं सोंग घेतलं. सरकारनं मालमत्ता ताब्यात घेतली, देखभालीला माणूस नेमला आणि त्यांना घरातच बंद ठेवलं. १०२१ मध्ये अल-हाकिम एका रात्री मुकत्तमच्या टेकड्यांकडे एकटा फिरायला गेला आणि परत आलाच नाही. तो मेला याची खात्री पटल्यावर इब्न अल-हैसम शहाणे झाले!

ही कथा जशीच्या तशी खरी मानायची का, यावर अभ्यासक वाद घालतात. तेराव्या शतकातलेच दुसरे चरित्रकार इब्न अबी उसैबिया वेडाची गोष्ट थोडी वेगळी सांगतात. बसऱ्यातली नोकरी सुटावी म्हणून हे सोंग होतं, असं ते म्हणतात. पण अल-हाकिमनंतर ते अल-अझहरच्या दरवाजाजवळच्या एका घुमटाच्या खोलीत राहायला आले आणि बाकी आयुष्य तिथे लिहिण्यात आणि शिकवण्यात गेलं, हा भाग इब्न अल-किफ्ती नीट तपशिलानं देतात.

पोटापाण्याची सोयही त्यांनी इल्ममधूनच केली. दरवर्षी युक्लिडची भूमिती, टॉलेमीचं खगोलाचं पुस्तक आणि या दोहोंच्या मधली म्हणून शिकवली जाणारी पुस्तकं ते हातानं नकलून काढत. हे काम १५० दिनारांना जाई, भाव ठरलेला, घासाघीस नाही. तेवढ्यात वर्ष निघे. खलिफाच्या ताफ्यानं नाईलवर गेलेला माणूस आता पुस्तकांच्या नकला विकत होता. आपल्याकडे पोरानं इंजिनियरिंग मधेच सोडलं की खाला-फुफ्फी वर्षभर विचारत राहतात, आता तो करतो काय म्हणून. कैरोतही कोणी ना कोणी विचारलंच असेल.

तर ते करत काय होते?

ते डोळ्याचं काम करत होते. त्या काळी दिसण्याबद्दल तीन प्रकारचे लोक तीन प्रकारे बोलत. युक्लिड आणि टॉलेमीला मानणारे गणिती म्हणत की डोळ्यातून किरण निघतात, जाऊन वस्तूला लागतात आणि म्हणून वस्तू दिसते. अरिस्टॉटलच्या परंपरेतले म्हणत की डोळ्यातून काही जात नाही, वस्तूचं रूप डोळ्यात येतं, पण ते कसं येतं याचं गणित त्यांच्याकडे नव्हतं. आणि गॅलनच्या परंपरेतले हकीम डोळा आतून कसा आहे, किती पडदे, किती रस, मागची नस कुठे जाते हे सांगत. हुनैन इब्न इसहाक यांनी नवव्या शतकात डोळ्याच्या वैद्यकावर दहा प्रकरणांचं पुस्तक अरबीत लिहिलं होतं, ते हकिमांच्या वापरात होतं. गणित एकाकडे, तर्क दुसऱ्याकडे, शरीर तिसऱ्याकडे. तिघांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं.

इब्न अल-हैसम यांनी या तिघांना एका चटईवर बसवलं. आज बायोमेडिकल म्हणून जी शाखा कॉलेजात शिकवतात तिचं म्हणणं दुसरं काय असतं? शरीराकडे इंजिनियरच्या नजरेनं बघायचं, मोजायचं, तपासायचं. हेच त्यांनी डोळ्याबाबत केलं.

आधी डोळ्यातून किरण निघतात हे म्हणणं. सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो. प्रखर उजेडाकडे पाहून मग अंधारात नजर वळवली तर त्या उजेडाचा ठसा काही वेळ डोळ्यासमोर राहतो. म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यात येतं आणि डोळ्यावर परिणाम करतं. आणि रात्री मान वर करताच इतक्या दूरचे तारे लगेच दिसतात. डोळ्यातून निघालेलं काही तिथवर पोचून येतं म्हणायचं, तर मोठीच अडचण. बाहेरून उजेड येतोच आहे, मग आतून किरण काढायची गरजच काय, असा त्यांचा साधा सवाल होता.

उजेड सरळ रेषेत जातो हे त्यांनी अंधाऱ्या खोलीत तपासलं. बाहेर दिवे ओळीनं ठेवायचे आणि भिंतीला एकच छोटं भोक ठेवायचं. आत समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागेवर राहतात. झाकण काढलं की परत येतो. सगळ्या दिव्यांचा उजेड एकाच भोकातून गेला, तरी एकमेकांत मिसळला नाही. जुन्या कवेलूच्या घरात दुपारी छपराच्या फटीतून खाली उन्हाचे गोल पडतात ना, फट वाकडीतिकडी असली तरी ठिपका गोलच? तो सूर्याचा आकार असतो. ग्रहणात हे गोल चंद्रकोरीसारखे होतात. यावरही इब्न अल-हैसम यांचा स्वतंत्र निबंध आहे, ग्रहणाच्या आकृतीबद्दलचा. घरातल्या पोरांना पुढच्या सूर्यग्रहणात जमिनीवरचा हा खेळ दाखवा. थेट सूर्याकडे मात्र बघू देऊ नका.

पुढची अडचण जास्त अवघड. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून उजेड सगळीकडे पसरतो. म्हणजे डोळ्याच्या प्रत्येक जागेवर समोरच्या प्रत्येक बिंदूचा उजेड पडणार. मग तर सगळं एकमेकांत कालवलेलं दिसायला पाहिजे, जसं पाण्यात सगळे रंग एकदम ओतल्यावर होईल. तरी आपल्याला आंबा वेगळा आणि पान वेगळं दिसतं, ते का? त्यांचं उत्तर मुहंदिसाचं होतं. प्रत्येक बिंदूपासून येणाऱ्या असंख्य किरणांपैकी डोळ्याच्या पृष्ठभागावर काटकोनात पडणारा एकच किरण सरळ आत जातो. बाकीचे तिरपे पडून वाकतात आणि कमजोर होतात. त्या सरळ किरणांचा मिळून एक शंकू बनतो आणि वस्तूचा नकाशा जसाच्या तसा डोळ्यात उतरतो. हे उत्तर पूर्ण बरोबर नव्हतं, ते पुढे येईलच. पण गणित, प्रकाश आणि डोळ्याची रचना एकाच हिशेबात पहिल्यांदा बसली ती इथे.

या कामाचा ग्रंथ म्हणजे किताब अल-मनाझिर, सात भागांचा. घरात कोंडलेले असताना त्यांनी तो लिहिला असं आपण अनेकदा वाचतो आणि गोष्ट म्हणून ते फार छान वाटतं. पण त्यांच्या ग्रंथांच्या जुन्या याद्या तारखांसह पाहणारे अभ्यासक तो नंतरचा, अल-अझहरजवळच्या वर्षांतला मानतात. मला हेच जास्त पटतं. असा ग्रंथ कैदेतल्या रिकामपणात होत नाही. त्याला उपकरणं लागतात, तांब्याच्या नळ्या लागतात, आरसे बनवणारा कारागीर लागतो.

पहिल्या भागात डोळ्याचे पडदे, रस आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा मागे जाऊन एकत्र कशा येतात याचं वर्णन आहे. कॉर्नियाला अरबीत करनिया म्हणतात, शिंगासारखा म्हणून. रेटिनाला शबकिया म्हणतात, जाळ्यासारखा म्हणून. ग्रीकांनी दिलेली ही नावं अरबीत आली आणि अरबीतून लॅटिनमध्ये गेली. नेत्रतपासणीच्या कॅम्पमध्ये डॉक्टर जे शब्द बोलतात त्यांचा प्रवास असा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात ते डोळ्याच्याही मागे जातात. उजेड आत आला म्हणजे दिसलं असं होत नाही. अंतर, आकार, हालचाल, चेहरा ओळखणं, हे सगळं मन अंदाज बांधून, आधीच्या अनुभवाशी ताडून करतं, आणि इतक्या झटकन करतं की आपल्याला कळतही नाही. म्हणूनच नजरेचा धोका होतो. कधी चूक डोळ्याची असते, कधी अंदाजाची. नाईलबद्दल ज्यानं दूरवरून अंदाज बांधला आणि फसला, त्यानं नजरेच्या चुकांवर अख्खा भाग लिहावा यात नवल नाही.

त्याच काळात, त्याच कैरोत, मोसूलहून आलेले नेत्रवैद्य अम्मार इब्न अली पोकळ सुईनं मोतीबिंदू ओढून काढत होते. त्यांनीही आपलं पुस्तक अल-हाकिमलाच अर्पण केलं आहे. एक हातानं डोळा बरा करणारा, दुसरा डोळा चालतो कसा हे शोधणारा.

शिकवण्याबद्दलची एक गोष्ट चरित्रकार बैहकी सांगतात. सिमनानचा सुरखाब नावाचा एक अमीर त्यांच्याकडे शिकायला आला. उस्तादांनी महिन्याला १०० दिनार फी सांगितली. वर्षभराच्या नकलांचे ज्यांना १५० मिळत ते महिन्याला १०० मागत होते! अमीरनं तीन वर्षं बिनतक्रार दिले. जाताना इब्न अल-हैसम यांनी सगळी रक्कम त्याच्या हातात परत ठेवली. पैशाची गरज तुलाच आहे, मला फक्त तुझी तळमळ बघायची होती, आणि चांगलं शिकवण्याचा मोबदला घ्यायचा नसतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कैरोत अल-मुबश्शिर इब्न फातिक यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्याकडे गणित शिकले. क्लासची फी भरताना ज्या आईबापांचा जीव मेटाकुटीला येतो त्यांना ही गोष्ट वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको.

मोठ्या नावांचा दबाव त्यांनी कधी घेतला नाही. टॉलेमीची पुस्तकं नकलून ते पोट भरत, आणि त्याच टॉलेमीच्या चुका दाखवणारा शंकांचा ग्रंथही त्यांनी लिहिला, अल-शुकूक अला बतलमयूस. जुन्यांना वाचताना त्यांच्याबद्दलच्या आदरानं डोळे झाकू नयेत आणि स्वतःच्या मतावरही तितकाच संशय घ्यावा, हा त्यांचा नियम होता.

इंतकाल कैरोतच झाला, साधारण ४३० हिजरीत, म्हणजे १०४० च्या आसपास.

ग्रंथाचं नशीब मात्र अजब. मुस्लिम जगात तो बराच काळ फारसा कोणी उघडला नाही. सुमारे अडीचशे वर्षांनी इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी प्रकाशाच्या प्रश्नात अडकले, तेव्हा त्यांचे उस्ताद कुतबुद्दीन शिराझी यांना तरुणपणी कुठल्याशा ग्रंथालयात पाहिलेलं हे पुस्तक आठवलं. त्यांनी दूर देशातून ते मागवून घेतलं. फारिसींनी त्यावर मोठी टीका लिहिली आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्य कसं होतं ते उलगडलं. लॅटिन भाषांतर त्याआधीच झालं होतं, ते १५७२ मध्ये बाझेलला छापलं गेलं.

त्यांची चूक १६०४ मध्ये केपलरनं दुरुस्त केली. इब्न अल-हैसम समजत होते की जाणीव डोळ्याच्या भिंगात होते, आणि उलटी प्रतिमा त्यांनी मानली नाही, कारण जग आपल्याला उलटं दिसत नाही. केपलरनं दाखवलं की भिंग फक्त किरण जुळवतं, प्रतिमा मागे रेटिनावर पडते आणि उलटीच पडते. पण हे दाखवायला त्यानं जी पद्धत वापरली, प्रत्येक बिंदूपासून निघणाऱ्या किरणांचा हिशेब, ती त्याच्यापर्यंत बसऱ्याच्या मुहंदिसाकडून आली होती.

आणि नाईल. १८९८ साली अस्वानला, त्याच खडकाळ उताराच्या भागात, इंग्रजांनी धरणाचं काम सुरू केलं. ते १९०२ मध्ये पुरं झालं. पण पुराचं पाणी पुढच्या दुष्काळासाठी साठवून ठेवायला तेही अपुरं पडलं, आणि त्याच्या थोडं वर दुसरं मोठं धरण बांधावं लागलं. ते १९७० मध्ये पूर्ण झालं.